रिअ‍ॅक्ट शिकावे की अँग्युलर?

गेल्या वर्षी आषाढी पौर्णिमेच्या आदल्या आठवड्यात, वर्षावासाच्या कार्यक्रमाची तयारी चालू असताना, आपल्या विद्यालयाच्या एका माजी विद्यार्थ्याची आई आम्हांस भेटावयास आली. मुलगा पाचवीपासून दहावीपर्यंत आपल्या वसतिगृहात राहिलेला. पुढे तालुक्याच्या महाविद्यालयातून त्याने संगणकशास्त्रात बी.एस्सी. केले आणि त्यानंतर वर्षभर तो घरीच होता. माउलीने पिशवीतून एक छापील माहितीपत्रक काढून आमच्यापुढे ठेवले आणि म्हणाली, “सर, पोरगा म्हणतोय पुण्याला क्लास लावायचा, रिअ‍ॅक्टचा. त्याचा मित्र म्हणतो अँग्युलर शीक. साठ हजार फी हाय. बचत गटातून उचलायचं म्हणते मी. तुमी सांगा, कोणतं चांगलं?”

आम्ही इतिहासाचे शिक्षक. अष्टप्रधान मंडळ आणि फ्रेंच राज्यक्रांती हे आमचे विषय. या दोन शब्दांपैकी एकाचाही अर्थ त्या दिवशी आम्हांस नीट सांगता आला नसता. परंतु ती बाई दोन एसटी बदलून आली होती, आणि तिचा प्रश्न तिच्या घराच्या एका वर्षाच्या कमाईशी बांधलेला होता. आठ दिवसांनी येण्यास आम्ही तिला सांगितले. त्या आठ दिवसांत पुणे आणि बंगळूर येथे नोकरी करणाऱ्या आपल्याच माजी विद्यार्थ्यांना दूरध्वनी केले, रात्री बसून वाचले, मुलाला बोलावून त्याच्यासह नोकरीच्या जाहिराती पाहिल्या. स्मरणिकेच्या संपादक मंडळाने लेख मागितला तेव्हा जुन्या आठवणी लिहिण्याऐवजी त्या आठ दिवसांत आणि नंतरच्या महिन्यांत बनलेले आमचे मत येथे मांडावे असे ठरविले. आज आपल्या जिल्ह्यातील किती तरी घरांत हाच प्रश्न नाव बदलून विचारला जात आहे.

ज्या पालकांचा या विषयाशी संबंध आलेला नाही त्यांच्यासाठी आधी थोडे विवेचन आवश्यक आहे. आपण मोबाइलवर एसटीचे आरक्षण करतो तेव्हा आसनांचा नकाशा दिसतो. एका आसनावर बोट ठेवले की त्याचा रंग बदलतो, खाली भाड्याची रक्कम बदलते, आणि तेच आसन कोणी आधी घेतले असेल तर ते निवडता येत नाही. हे जे डोळ्यांसमोर घडते ते घडविणाऱ्या कामास फ्रंट-एंड म्हणतात. त्याच्या मुळाशी तीन गोष्टी आहेत. पानावर काय आहे हे सांगणारी एचटीएमएल, ते कसे दिसावे हे सांगणारी सीएसएस, आणि बोट ठेवल्यावर काय घडावे हे सांगणारी जावास्क्रिप्ट. या तिघींच्या बळावर कोणतेही पान उभे करता येते. परंतु पान मोठे झाले, त्यावर शेकडो गोष्टी एकाच वेळी बदलू लागल्या, की प्रत्येक बदल हाताने लिहिणे जिकिरीचे होते. स्लॅब टाकताना गवंडी दर वेळी नव्या फळ्या रंधत बसत नाही, सेंटरिंगच्या तयार प्लेटा आणतो. रिअ‍ॅक्ट, अँग्युलर, व्ह्यू ही अशा तयार प्लेटांचीच नावे होत. व्यवसायात त्यांना फ्रेमवर्क म्हणतात. (रिअ‍ॅक्टचे कर्ते तिला फ्रेमवर्क न म्हणता लायब्ररी म्हणतात असे आमच्या एका विद्यार्थ्याने आम्हांस बजावले आहे. जाहिरातींत मात्र सर्व एकाच रांगेत असतात.) प्लेटा कोणत्याही कंपनीच्या असोत, सिमेंट आणि सळई तीच राहते.

आता आमच्या विषयाकडे, म्हणजे इतिहासाकडे, थोडे वळू द्यावे.

जावास्क्रिप्ट ही भाषा १९९५ साली नेटस्केप कंपनीत ब्रेंडन आइक यांनी अवघ्या दहा दिवसांत बनविली. २००६ साली जॉन रेसिग यांनी जेक्वेरी आणली आणि जवळजवळ दशकभर ‘वेबचे काम येते’ म्हणजे ‘जेक्वेरी येते’ असा अर्थ राहिला. २०१० साली गूगलने अँग्युलरजेएस आणली. २०१३ च्या मे महिन्यात फेसबुकने रिअ‍ॅक्ट सर्वांसाठी खुली केली. पुढच्याच वर्षी, गूगलमध्ये अँग्युलरजेएसवर काम केलेल्या इव्हान यू यांनी व्ह्यू प्रसिद्ध केली. आणि २०१६ च्या सप्टेंबरात गूगलने अँग्युलर पुन्हा पायापासून लिहून नव्याने आणली. नाव जवळपास तेच, परंतु आतले सर्व काही वेगळे; भाषादेखील जावास्क्रिप्टऐवजी मायक्रोसॉफ्टने घडविलेली टाइपस्क्रिप्ट. जुन्या अँग्युलरजेएसचा अधिकृत आधार ३१ डिसेंबर २०२१ रोजी संपला.

या तारखा आम्ही परीक्षेसाठी दिलेल्या नाहीत. आपला एक माजी विद्यार्थी २०१७ साली शहरातील एका क्लासमध्ये गेला. माहितीपत्रकावर ‘अँग्युलर’ असे मोठ्या अक्षरांत होते. शिकविली गेली ती जुनी, कारण शिकविणाऱ्यास तीच येत होती. सहा महिन्यांनी मुलाखतीस गेला तेव्हा समोरच्याने नव्या अँग्युलरविषयी विचारले. मुलगा गप्प बसला. दोन्हींत फरक आहे हे त्याला त्या खुर्चीत बसल्यावर कळले. क्लासचे नाव आम्ही येथे लिहीत नाही. परंतु त्या मुलाचा चेहरा आमच्या डोळ्यांसमोर आहे, कारण त्यानंतर दोन वर्षे तो गावी येईनासा झाला होता. आज तो दुसऱ्या क्षेत्रात व्यवस्थित आहे. तरीही ‘अँग्युलर’ हा शब्द त्याच्यासमोर काढला की तो विषय बदलतो.

आमच्या पिढीला हा अनुभव नवा नाही. १९८० च्या दशकाच्या अखेरीस, आम्ही नगरला शिकत असताना, आपल्या समाजातील हुशार मुलाला घरचे आणि दारचे सर्वजण एकच सल्ला देत: टायपिंग कर. तीसची परीक्षा, चाळीसची परीक्षा, मग रोजगार विनिमय कार्यालयात नाव. सकाळी सहाच्या बॅचला टंकलेखन संस्थेच्या त्या बोळात यंत्रांचा जो खडखडाट चाले तो आजही कानांत आहे. गोदरेज कंपनीने १९५५ साली देशी टंकयंत्र बनविले आणि २००९ साली ते बनविणे थांबविले. यंत्र गेले. परंतु ज्यांनी न पाहता दहाही बोटांनी टंकलेखन करण्याचा सराव केला होता, ते संगणकासमोर बसल्यावर आठ दिवसांत सरावले. ज्यांनी दोन बोटांनी घोकून केवळ प्रमाणपत्रापुरती परीक्षा काढली होती, त्यांच्या हाती प्रमाणपत्र तेवढे राहिले.

मराठी अक्षरांच्या बाबतीत तर याहून विलक्षण प्रकार झाला. आपल्या विद्यालयाची पूर्वीची एक स्मरणिका ज्या फाँटात जुळविली होती, त्या फाँटाशिवाय तिची फाइल उघडली की पडद्यावर इंग्रजी चिन्हांचा नुसता केर दिसतो. लेख आहेत, पण वाचता येत नाहीत. कारण त्या काळी प्रत्येकाची सांकेतिक व्यवस्था निराळी होती. युनिकोडच्या १९९१ च्या पहिल्याच आवृत्तीत देवनागरीला जागा मिळालेली होती, परंतु आपल्याकडील छापखान्यांना तिथवर यावयास आणखी पंधरा-वीस वर्षे लागली. मधल्या काळात ज्यांनी एका विशिष्ट फाँटाची कळफलक-मांडणी म्हणजेच मराठी संगणन असे मानले, त्यांना सर्व पुन्हा शिकावे लागले. ज्यांना अक्षर यंत्रात साठविले कसे जाते हे समजले होते, ते पुढे निघून गेले. या स्मरणिकेसाठी जुने लेख पुन्हा टंकलिखित करण्यात आमच्या दोन सहकाऱ्यांची संपूर्ण दिवाळीची सुटी गेली, हे जाता जाता नमूद करतो.

म्हणून त्या माउलीच्या प्रश्नाचे आमचे पहिले उत्तर असे: साठ हजारांनी जी वस्तू विकत घ्यावयाची, तिचे आयुष्य किती ते आधी विचारावे. एचटीएमएल, सीएसएस आणि जावास्क्रिप्ट या कोणा एका कंपनीच्या मालकीच्या नाहीत. टिम बर्नर्स-ली ज्या संस्थेत होते त्या सर्न संस्थेने ३० एप्रिल १९९३ रोजी वर्ल्ड वाइड वेबचे तंत्र सर्व जगास विनामूल्य खुले केले. १९९५ ची जावास्क्रिप्ट जाणणारा माणूस आजचीही वाचू शकतो. भाषेत भर पडली, जुने बहुतेक मोडले नाही. फ्रेमवर्कचे तसे नाही. रिअ‍ॅक्ट, अँग्युलर याही विनामूल्य आहेत हे खरे, परंतु त्यांनी कोणत्या दिशेने जावे हे प्रामुख्याने त्या त्या कंपनीत ठरत आले. २०१९ च्या फेब्रुवारीत रिअ‍ॅक्टमध्ये हुक्स नावाची पद्धत आली आणि त्यापूर्वीची लिहिण्याची धाटणी पाहता पाहता जुनी झाली. रिअ‍ॅक्टचा नवा प्रकल्प सुरू करण्यासाठी ज्या साधनाचा पाठ बहुतेक क्लासमध्ये पहिल्या दिवशी दिला जाई, ते ‘क्रिएट रिअ‍ॅक्ट अ‍ॅप’ २०२५ च्या फेब्रुवारीत अधिकृतपणे मोडीत काढले गेले. माउलीने आणलेल्या माहितीपत्रकात, त्यानंतर कित्येक महिन्यांनी, पहिल्याच दिवसाच्या पाठात तेच नाव होते.

येथवर आलो आणि आमच्याच मनात एक हरकत उभी राहिली. ती आमच्या बंगळूरच्या विद्यार्थ्याने अधिक तीव्रपणे मांडली. तो म्हणाला, “सर, पाया पक्का करा, पाया पक्का करा, हे ज्यांच्या बापाला तीन वर्षं पोसायला जमतं त्यांनी सांगावं. माझ्याकडं नऊ महिने होते. मी रिअ‍ॅक्ट घोकून नोकरी धरली. पाया नंतर भरला.”

या बोलण्यास उत्तर नाही असे क्षणभर वाटले. मग बाबासाहेबांच्या जीवनातील एक प्रसंग आठवला. तो आपल्या वाचकांना ठाऊक आहे, परंतु या अंगाने आपण तो क्वचित पाहतो. लंडनमधील अभ्यास अर्धवट सोडून १९१७ साली त्यांना परतावे लागले. १९१८ च्या नोव्हेंबरात ते मुंबईच्या सिडनहॅम महाविद्यालयात प्राध्यापक झाले. १९२० च्या मार्चमध्ये ती नोकरी सोडली, त्या काळात साठविलेले पैसे, शाहू महाराजांचे साहाय्य आणि मित्र नवल भथेना यांच्याकडून घेतलेले कर्ज घेऊन ते पुन्हा लंडनला गेले आणि अर्धे राहिलेले पूर्ण केले. नोकरी हे त्यांचे साध्य नव्हते, परंतु तिला त्यांनी कमीही लेखले नाही. अर्धा राहिलेला अभ्यास कोठे थांबला आहे हे त्यांनी विसरू दिले नाही, एवढेच. आमच्या बंगळूरच्या विद्यार्थ्याने अजाणता तेच केले होते. त्याने पाया ‘नंतर भरला’, पण भरला. ज्यांनी भरला नाही त्यांची नावे तोच आम्हांस सांगत होता.

तेव्हा ज्याच्या हाती एकच वर्ष आहे त्याने काय करावे? आमचे मत आम्ही स्पष्ट लिहितो. चुकीचे वाटल्यास जाणकारांनी खोडून काढावे.

पहिले तीन महिने फ्रेमवर्कचे नावही काढू नये. एचटीएमएल, सीएसएस, जावास्क्रिप्ट, आणि केलेले काम गिटहबवर ठेवण्याची सवय. यासाठी एक रुपयाही खर्चण्याचे कारण नाही. मोझिलाचे एमडीएन हे संदर्भस्थळ आणि फ्रीकोडकॅम्प विनामूल्य आहेत. इंग्रजीची धास्ती असलेल्यांसाठी मुंबई आयआयटीच्या स्पोकन ट्यूटोरियल प्रकल्पाचे अनेक पाठ मराठीतून आहेत. संगणकाशी पहिली ओळख त्यांवरून होऊ शकते. त्यानंतरचे सहा महिने एकाच फ्रेमवर्कला द्यावेत आणि त्यात एक खरे, कोणाच्या तरी उपयोगाचे काम पूर्ण करावे. हवामान दाखविणारे पान आणि कामांची यादी ठेवणारे पान हे दोन नमुने प्रत्येक क्लासमधील प्रत्येक विद्यार्थी करतो. मुलाखत घेणारे ते पाहून कंटाळलेले असतात, असे आमचे विद्यार्थी सांगतात.

आणि ते एक फ्रेमवर्क कोणते? आज, आपल्या जिल्ह्यातून पुण्यास जाणाऱ्या मुलासाठी, रिअ‍ॅक्ट. याचे कारण ती इतरांहून सुंदर आहे हे नव्हे. तो निवाडा करण्याची आमची पात्रता नाही. कारण संख्येचे आहे. स्टॅक ओव्हरफ्लो या प्रोग्रामरांच्या संस्थेने २०२४ साली जगभर केलेल्या पाहणीत सुमारे ४० टक्के उत्तरदात्यांनी रिअ‍ॅक्ट वापरत असल्याचे सांगितले, अँग्युलर सुमारे १७ टक्क्यांनी आणि व्ह्यू सुमारे १५ टक्क्यांनी. (ज्या जेक्वेरीला सर्व क्लासवाले मेलेली समजतात ती त्याच पाहणीत २० टक्क्यांच्या वर होती. जुनी घरे पडेपर्यंत त्यांची डागडुजी करावीच लागते.) आम्ही आणि तो मुलगा मिळून काही आठवडे पुण्याच्या जाहिराती वाचत होतो, तेव्हाही रिअ‍ॅक्टचे नाव सर्वांत अधिक वेळा आढळले.

अँग्युलर मात्र टाकाऊ समजू नये. बँका, विमा आणि मोठ्या परदेशी कंपन्यांची कामे करणाऱ्या हिंजवडी-खराडीच्या कार्यालयांत जावा किंवा डॉटनेटच्या जोडीला ती मागितली जाते. ज्याने महाविद्यालयात जावा मन लावून केली आहे आणि ज्याला शिस्तबद्ध, ठरावीक चौकटीतले काम मानवते, त्याला अँग्युलरमधून दार लवकर उघडू शकते, कारण त्या दारापुढे नवशिक्यांची रांग तुलनेने लहान असते. तिचा एक गुण आम्हांस आवडला: दर सहा महिन्यांनी नवी मोठी आवृत्ती येणार आणि प्रत्येक आवृत्तीस दीड वर्ष आधार राहणार, हे वेळापत्रक उघडपणे जाहीर असते. २०१६ च्या पडझडीनंतर आलेले शहाणपण असावे. व्ह्यू शिकावयास सर्वांत सोपी असे पुष्कळांनी सांगितले, तथापि पहिली नोकरी शोधणाऱ्याने तिच्यावर सर्व भिस्त ठेवू नये. स्वेल्टबद्दल विचारणारा एक मुलगा आम्हांस भेटला. त्यास आम्ही नोकरी लागल्यावर शीक असे सांगितले. आणि ज्याला पुण्यास जाणे घरच्या अडचणीमुळे शक्यच नाही, त्याने वर्डप्रेसकडे नाक मुरडू नये. जगातील ४० टक्क्यांहून अधिक संकेतस्थळे तिच्यावर चालतात, आणि नगर, श्रीरामपूर, संगमनेरच्या पतसंस्था, दवाखाने, मंगल कार्यालये यांची बरीचशी कामे त्याच प्रकारची असतात.

क्लास लावूच नये असे आमचे म्हणणे नाही. घरी जागा नाही, वीज नाही, चारजण मिळून अभ्यास करावा असे वातावरण नाही. अशा मुलाला क्लासची खुर्चीही मोलाची असते. परंतु ‘शंभर टक्के नोकरीची हमी’ असे जेथे छापलेले असेल तेथे आईबापांनी तीन गोष्टी विचाराव्यात. मागील तुकडीतील दोन मुलांशी आमच्या मुलाला बोलू द्याल का? पहिल्या महिन्याची फी भरून नंतर पुढचे ठरविता येईल का? शिकविणारा माणूस स्वतः आज कोठे काम करतो? या तीन प्रश्नांवर समोरचा माणूस रागावला तर चप्पल घालून परत यावे. आणि बचत गटाचे कर्ज या कामासाठी उचलू नये, हे आम्ही निक्षून सांगतो. शेळीसाठी उचललेले कर्ज शेळी फेडते. फ्रेमवर्कसाठी उचललेले कर्ज नोकरी लागली तरच फिटते, आणि नोकरी लागणे केवळ फ्रेमवर्कवर अवलंबून नाही.

या शेवटच्या वाक्याकडे आम्हांस यावयाचे होते.

२०२३-२४ या आर्थिक वर्षात टीसीएस, इन्फोसिस आणि विप्रो या तिन्ही कंपन्यांतील कर्मचाऱ्यांची संख्या आदल्या वर्षापेक्षा घटली. त्यातच कृत्रिम बुद्धिमत्तेची साधने आली. नवशिक्याकडून जे साधे काम करून घेतले जाई, एखादा अर्ज, एखादी तक्त्याची मांडणी, ते आता यंत्र मिनिटभरात लिहून देते. यंत्राने लिहिलेले बरोबर की चूक हे ओळखणारा माणूस लागतोच. परंतु त्यासाठी मुळातले समजावे लागते. घोकून नोकरी धरण्याची जी वाट आमच्या बंगळूरच्या विद्यार्थ्यास काही वर्षांपूर्वी मिळाली, ती आता अरुंद झाली आहे, हे त्यानेच कबूल केले.

आणि एक गोष्ट कोणत्याही माहितीपत्रकात नसते. शासकीय नोकरीत आपल्याला संविधानाने दिलेले आरक्षण आहे. खासगी कंपनीत ते नाही. तेथे जागा निघते तेव्हा पुष्कळदा आधी कंपनीतल्याच लोकांना विचारले जाते: तुमच्या ओळखीचे कोणी आहे का? ज्याचा मामा, आतेभाऊ, शेजारी त्या कंपनीत आहे त्याचा अर्ज माणसाच्या हाती पडतो. आपल्या मुलाचा अर्ज शेकडो अर्जांच्या ढिगात पडतो आणि पुष्कळदा कोणी न उघडताच राहतो. ओळखीच्या मुलाला मुलाखतीत काय विचारतात, पगार किती मागावा, कोणते फ्रेमवर्क आता उतरणीस लागले आहे, हे जेवताना घरीच कळते. आपल्या मुलाला ते साठ हजार देऊन, तेही अर्धवट, कळते. रिअ‍ॅक्ट की अँग्युलर या प्रश्नाचे ओझे त्याच्या डोक्यावर एवढे जड का होते, याचे कारण आम्हांस येथे सापडले. निवड चुकली तर सावरून घेणारे त्याचे कोणी नसते. सावरणारा असेल त्याने व्ह्यू शिकली काय आणि स्वेल्ट शिकली काय, तो चार महिन्यांत दुसरीकडे वळू शकतो.

परंतु आज ‘त्याचे कोणी नाही’ हे वाक्य पूर्णतः खरे आहे काय? त्या आठ दिवसांत आम्ही जुन्या नोंदवह्या चाळल्या. आपल्या वसतिगृहातून गेलेली मुले-मुली पुण्यात, बंगळूरला, हैदराबादला या क्षेत्रात आहेत. त्यांतील काहींना आम्ही दूरध्वनी केला तेव्हा सर्वांनी आपुलकीने वेळ दिला. परंतु गेल्या पाच वर्षांत विद्यालयाच्या कोणा विद्यार्थ्याचे काम तपासून दिले आहे काय, कोणाचे नाव आपल्या कंपनीत सुचविले आहे काय, असे विचारल्यावर बहुतेकजण थांबले. एकाने प्रांजळपणे सांगितले, “सर, ऑफिसात मी कुठून आलो हे कोणाला माहीत नाही. आपल्याकडचं पोरगं सुचवलं तर विचारतील, तू कसा ओळखतोस.” आम्ही त्याला दोष दिला नाही. ज्या कार्यालयात आडनाव ऐकून आवाज बदलतो तेथे दिवसाचे नऊ तास आम्हांस काढावे लागत नाहीत. तथापि आपल्या नावाने शिफारस करण्याइतके धैर्य होत नसेल तरी रविवारी एक तास पडद्यामागून मुलाचे काम पाहता येते; त्यासाठी कार्यालयात कोणाला काही सांगावे लागत नाही. दर वर्षी मेळाव्यात माजी विद्यार्थी पंखे, पाण्याच्या टाक्या, सतरंज्या देणगी म्हणून देतात आणि विद्यालय त्यांचे ऋणी आहे. आमच्या मते एका मुलाची तीन वेळा खोटी मुलाखत घेऊन त्याच्या चुका दाखविणे ही पंख्याहून मोठी देणगी होय, आणि तिच्यावर नाव कोरावे लागत नाही.

आठ दिवसांनी ती माउली आली तेव्हा आम्ही तिला एवढे सर्व सांगितले नाही. कर्ज उचलू नका, मुलाला आमच्याकडे पाठवा, असे म्हटले. ती थोडी खट्टू झाली. तिला एक नाव हवे होते. म्हणून तेही सांगितले: रिअ‍ॅक्ट, पण दिवाळीनंतर.

मुलगा तीन महिने आपल्या संगणक कक्षात सकाळी नऊ ते चार बसला. आधी एचटीएमएलमध्ये विद्यालयाच्या ग्रंथालयाची सूची केली. मराठी नावे अकारविल्हे लावताना त्याला दोन दिवस लागले, आणि यंत्र अक्षर कसे साठविते हे त्याला त्या दोन दिवसांत कळले. दिवाळीनंतर त्याने रिअ‍ॅक्ट हाती घेतली आणि माजी विद्यार्थ्यांची तुकडीनिहाय यादी दाखविणारे पान बनविले. वर्ष निवडले की त्या वर्षाची नावे खाली येतात. मुलींच्या वसतिगृहातून गेलेली, सध्या पुण्यात नोकरी करणारी एक माजी विद्यार्थिनी दर रविवारी संध्याकाळी त्याचे लिहिलेले वाचते आणि लाल शेऱ्यांसह परत पाठविते. पहिल्या रविवारी शेरे इतके होते की तो आमच्याकडे येऊन म्हणाला, ताई फार रागावतात. आता तो त्यांना उलट प्रश्न विचारतो.

हा लेख छापखान्यात जात असताना त्याला नोकरी लागलेली नाही. दोन मुलाखती झाल्या. पहिलीत इंग्रजीने घात केला, दुसरीत शेवटच्या फेरीपर्यंत गेला. तिसरी पुढील पंधरवड्यात आहे. घरावर कर्ज नाही. त्याने केलेल्या पानावर १९९४ ते २००१ या तुकड्यांतील बरीच नावे अद्याप भरावयाची आहेत, कारण त्या नोंदवह्या पावसात भिजल्या. मेळाव्याच्या दिवशी कार्यालयाबाहेर तो स्वतः संगणक घेऊन बसणार आहे. त्या तुकड्यांतील बंधुभगिनींनी आपले नाव, गाव आणि काम त्याच्याकडे नोंदवावे, आणि जे संगणक क्षेत्रात आहेत त्यांनी रविवारचा कोणता तास मोकळा असतो तेही सांगावे, अशी विनंती आहे.